सूटलंडचे दफ्तर : स्मिथसोनियनच्या मानवशास्त्र विभागाचे कागद वाचताना

अंदमान-निकोबार बेटांवरून १९०१ साली अमेरिकेत गेलेल्या वस्तूंचा माग काढायचा, एवढ्या एका कामासाठी मी स्मिथसोनियन संस्थेच्या मानवशास्त्र विभागाच्या दफ्तरात शिरलो. विल्यम लुई ॲबट हा फिलाडेल्फियाचा माणूस. शिक्षणाने डॉक्टर आणि वारशाने श्रीमंत. त्या वर्षी आपल्या ‘टेरापिन’ नावाच्या शिडाच्या गलबतातून तो ही बेटे फिरला आणि तिथे जमवलेले प्राणी, पक्षी व माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू त्याने वॉशिंग्टनच्या, स्मिथसोनियनच्याच राष्ट्रीय संग्रहालयाकडे पाठवून दिल्या. मला त्यातल्या टोपल्यांविषयी जाणून घ्यायचे होते. टोपली कशी विणली आहे हे छायाचित्रावरूनही कळते. ती कोणाच्या हातून, कशाच्या बदल्यात आणि कोणत्या बोलाचालीनंतर घेतली गेली हे कळलेच तर कागदावरून कळते. त्यामुळे हे परीक्षण संग्रहालयाच्या कागदांचे आणि ते कागद वाचकाच्या हाती देणाऱ्या सेवेचे आहे. दालने, पाट्या आणि प्रकाशयोजना यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे.

या सेवेचे नाव नॅशनल अँथ्रोपॉलॉजिकल आर्काइव्ह्ज, म्हणजे राष्ट्रीय मानवशास्त्रीय अभिलेखागार. वाचायला बसण्यापूर्वी त्याची कुळकथा थोडी ठाऊक असावी लागते, नाहीतर पहिला आठवडा चुकीची खोकी मागवण्यात जातो. १८७९ साली अमेरिकन काँग्रेसने आदिवासी जमातींच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र कचेरी काढली, तीच पुढे ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजी या नावाने ओळखली गेली. यादवी युद्धात उजवा हात गमावलेला आणि तरीही कोलोरॅडो नदीच्या घळीतून होड्या नेणारा जॉन वेस्ली पॉवेल १९०२ पर्यंत तिचा प्रमुख होता. भाषा, कथा, गाणी, विधी असे जे लिहून घेता येते त्यावर या कचेरीचा भर होता. राष्ट्रीय संग्रहालयाचा मानवशास्त्र विभाग हे दुसरे घर, आणि त्याचा भर वस्तूंवर व हाडांवर. १९६५ मध्ये कचेरी विभागात विलीन झाली आणि १९६८ मध्ये दोहोंच्या कागदांसाठी हे अभिलेखागार उभे राहिले. घर एक झाले, चुली मात्र दोनच राहिल्या. ब्यूरोची हस्तलिखिते आजही एकेका स्वतंत्र क्रमांकाने मागवावी लागतात. विभागाचा पत्रव्यवहार एथ्नॉलॉजी (म्हणजे लोकांच्या संस्कृतींचा अभ्यास), पुरातत्त्व आणि शारीरिक मानवशास्त्र अशा शाखांच्या मालिकांत आणि खोक्यांत लावलेला आहे. एकाच माणसाचे एकाच प्रवासातले टिपण एका चुलीपाशी आणि त्याच प्रवासाच्या खर्चाचे पत्र दुसऱ्या चुलीपाशी सापडणे ही इथली रोजची गोष्ट आहे.

कागद वॉशिंग्टनच्या मुख्य इमारतीत नाहीत. ज्या दिवाणखान्यात भुसा भरलेला प्रचंड आफ्रिकी हत्ती पाहायला मुलांच्या झुंडी जमतात तिथून हे सगळे काही मैल दूर, मेरीलँड राज्यातल्या सूटलंड येथे संग्रहालयाच्या साठवण-संकुलात ठेवलेले आहे. मुलीकडे मेरीलँडमध्ये मुक्काम असल्यामुळे मला तिथे जाणे जमले. मेट्रोची हिरवी मार्गिका सूटलंडपर्यंत जाते. पुढचे अंतर फार नाही, पण परिसर फिरायला यावा असा नाही, सरकारी कचेऱ्यांचा आहे. आधी वेळ ठरवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि कोणते खोके पाहायचे हे शक्य तितके नेमके कळवून ठेवावे लागते. दारात ओळखपत्र, आत पिशवी कपाटात, हातात फक्त पेन्सिल. एका वेळी टेबलावर एक खोके आणि त्या खोक्यातले एकच फोल्डर उघडे. ज्यांनी मुंबई किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात दिवस काढले आहेत त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही. नवा वाटला तो अभिलेखपालाचा प्रश्न. मी काय मागतो आहे हे विचारून झाल्यावर मी ते कशासाठी मागतो आहे हेही त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकून मी मागितलेल्या खोक्याशेजारचे, माझ्या यादीत नसलेले एक खोके सुचवले. वाचनाला शुल्क नाही. माझ्या मते या सेवेची खरी किंमत त्या एका सुचवण्यात आहे, कारण शोधसूची कितीही चांगली असली तरी कोणते खोके कोणत्या खोक्याशी बोलते हे तिच्यात लिहिलेले नसते.

आता नोंदवह्यांकडे वळतो. इथल्या मानवशास्त्रीय नोंदींची परंपरा १८५९ पासूनची आहे. त्याआधी वर्षभर, अमेरिकी नौदलातल्या चार्ल्स विल्क्सच्या १८३८ ते १८४२ च्या सागरी मोहिमेने आणलेल्या वस्तू पेटंट कचेरीतून स्मिथसोनियनकडे आल्या होत्या. जुन्या नोंदवहीचे पान म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने : क्रमांक, वस्तूचे नाव, लोक, ठिकाण, पाठवणारा, नोंदीची तारीख, नग किती. अक्षर बहुधा सुरेख. करणाऱ्या हातासाठी रकानाच नाही. टोपली विणणाऱ्या बाईचे नाव गहाळ झाले असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते विचारण्याची जागाच कागदावर आखलेली नव्हती. हा फरक मला नोंदवही डोळ्यांनी पाहिल्यावर कळला, आणि नंतर तो प्रत्येक पानावर दिसत राहिला.

वाचकाने आणखी एक भेद सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा. आवक क्रमांक आणि सूची क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाकडून एका वेळी आलेल्या सगळ्या मालाला मिळून एकच आवक क्रमांक मिळतो, मग त्यात तीन वस्तू असोत की तीनशे. सूची क्रमांक मात्र वस्तूवार पडतो. वस्तूवर रंगवलेला आकडा बहुधा सूची क्रमांक असतो. त्यावरून नोंदवहीतली ओळ सापडते, ओळीवरून आवक क्रमांक आणि आवक क्रमांकावरून ती फाइल, जिच्यात पाठवणाऱ्याची पत्रे, पेट्यांची यादी, भाड्याच्या पावत्या आणि कधी कधी किमतीवरून झालेली घासाघीस असते. इथेच नवखा वाचक अडखळतो, कारण १८३४ ते १९५८ या काळातल्या आवक फाइली सूटलंडच्या या दफ्तरात नाहीतच. त्या स्मिथसोनियनच्या मध्यवर्ती अभिलेखागारात, वॉशिंग्टन शहरात, ३०५ क्रमांकाच्या दफ्तरात ठेवलेल्या आहेत. अर्धी साखळी एका गावी आणि अर्धी दुसऱ्या. संस्थेच्या दृष्टीने ही विभागणी तर्कशुद्ध असेलही, कारण आवक हा निबंधकाचा विषय आणि अभ्यास हा विभागाचा. वाचकाच्या दृष्टीने ती दोन दिवसांची अतिरिक्त पायपीट आहे, आणि परीक्षण वाचकासाठी लिहायचे असल्यामुळे मी तिला उणीव म्हणतो.

सूचिपत्रके चाळताना विभागाच्या डोक्यातली रचनाही दिसते. ओटिस मेसन हे १८८४ मध्ये इथले एथ्नॉलॉजीचे क्युरेटर झाले. त्यांचा विश्वास असा की मानवी कल्पकता सगळीकडे सारख्याच पायऱ्या चढते, त्यामुळे जगभरच्या टोपल्या एका रांगेत, जगभरची धनुष्ये दुसऱ्या रांगेत, साध्यापासून गुंतागुंतीच्या नमुन्यापर्यंत मांडावीत. १८८७ मध्ये मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या मांडणीवर जाहीर हल्ला चढवला. खुळखुळा हा केवळ आवाज काढण्याच्या कल्पनेतून जन्मतो असे नाही, त्यामागे धार्मिक समजुतीही असू शकतात, तेव्हा वस्तू ज्या लोकांची आहे त्या लोकांच्या इतर वस्तूंबरोबरच ती ठेवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद मानवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. मीही केला होता, आणि पुढे अनेक वर्षे शिकवला. पण दफ्तरात तो पाठ्यपुस्तकातल्यासारखा दोन परिच्छेदांत संपत नाही. वस्तूच्या प्रकारानुसार लावलेली पत्रके आणि लोकांनुसार लावलेली पत्रके ही दोन वेगळी यंत्रे आहेत : पहिल्यात अंदमानची टोपली बोर्निओच्या टोपलीची बहीण ठरते, दुसऱ्यात ती अंदमानच्याच बाणाची शेजारीण. ॲबटने आग्नेय आशियातून पाठवलेल्या टोपल्यांच्या आधारे मेसन यांनी १९०८ मध्ये मलेशियाई टोपलीकामाची परिभाषा सिद्ध केली, आणि त्याच वर्षी ते वारले. विणकामाच्या प्रकारांची नावे त्यात बारकाईने दिली आहेत. विणणारे लोक त्यात कुठे आहेत हा प्रश्न बोआस यांनी एकवीस वर्षे आधीच विचारून ठेवला होता.

आता त्या खोक्यांकडे येतो ज्यांच्यासाठी बहुतेक संशोधक आज सूटलंडला जातात. १९०३ साली शारीरिक मानवशास्त्राची शाखा निघाली आणि बोहेमियात जन्मलेले आलेश हर्डलिचका तिचे प्रमुख झाले. पुढची सुमारे चार दशके ते तिथे होते. १९१८ मध्ये त्यांनी या विषयाचे अमेरिकन नियतकालिक सुरू केले, १९२५ मध्ये प्राचीन मानवाच्या शोधात ते भारतातही येऊन गेले. त्यांचा पत्रव्यवहार अफाट आहे. वैद्यकीय शाळा, तुरुंग, इस्पितळे, मिशनरी, लष्करी डॉक्टर अशा सगळ्यांना कवट्या, सांगाडे आणि मेंदू मागणारी ही पत्रे आहेत, आणि त्यांच्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्यांची सभ्यता. मायन्याला ‘प्रिय डॉक्टर’, शेवटी ‘आपला विश्वासू’, आणि मध्ये माणसाचे डोके कोणत्या द्रावणात बुडवून कसे पाठवावे याच्या सूचना.

इशीची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीपैकी उरलेला हा एकटा माणूस १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ सापडला आणि आयुष्याची शेवटची वर्षे सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. १९१६ च्या मार्चमध्ये क्षयाने तो वारला. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून कळवले होते, पण पत्र पोहोचेपर्यंत ती होऊन गेली होती. देहाचे दहन झाले आणि मेंदू काढून ठेवला गेला. त्याच क्रोबर यांनी त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो मेंदू हर्डलिचकांना देऊ केला, आणि १९१७ च्या सुरुवातीला तो स्मिथसोनियनमध्ये रीतसर दाखल झाला. पुढे ऐंशी वर्षे तो कुठे आहे हे कॅलिफोर्नियातल्या आदिवासींना ठाऊक नव्हते. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ ऑरिन स्टार्न यांना बर्कलीच्या ग्रंथालयातल्या क्रोबर-हर्डलिचका पत्रव्यवहारात त्याचा धागा सापडला, आणि मग स्मिथसोनियनने मेंदू आपल्याकडे असल्याचे सांगितले. तो याच सूटलंडच्या संकुलात होता. ऑगस्ट २००० मध्ये तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या समुदायांच्या स्वाधीन झाला.

वाचनकक्षात बसून ही हकिकत पुन्हा आठवताना माझ्या मनात एक अगदी कारकुनी विचार आला. आवक नोंद होती, पत्र होते, पोच होती; म्हणजे कागद कधीच हरवला नव्हता. विचारणाऱ्याला कोणत्या शाखेच्या कोणत्या मालिकेत पाहावे हे सांगणारे कोणी नव्हते, आणि सांगू शकणाऱ्यांना सांगण्याची निकड नव्हती. १९८९ चा राष्ट्रीय अमेरिकन इंडियन संग्रहालय कायदा आला आणि आपल्याकडच्या, अमेरिकेतल्या आदिवासींच्या मानवी अवशेषांची यादी करून ते संबंधितांना परत देण्याचे बंधन स्मिथसोनियनवर पडले. पुढच्याच वर्षीचा, जास्त परिचित असलेला कायदा इतर संग्रहालयांसाठी आहे, स्मिथसोनियनला तो लागू नाही. आपल्याकडच्या लिखाणात या दोन कायद्यांची हमखास गल्लत होते. १९९१ मध्ये अलास्कातल्या लार्सन बे गावी, हर्डलिचकांनी १९३० च्या दशकात उकरून नेलेले सातशेहून अधिक जणांचे अवशेष परत गेले. कोणत्या हाडांवर कोणाचा हक्क आहे हे ठरवताना पुरावा म्हणून पुढे येतात ते पुन्हा हेच कागद. २०२३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने या संग्रहात अजून २५५ मेंदू असल्याचे उघड केले आणि संस्थेचे सचिव लॉनी बंच यांनी जाहीर माफी मागितली. ज्या संस्थेविरुद्ध तिचेच दफ्तर साक्ष देते, ती संस्था ते दफ्तर फुकट आणि नम्रपणे वाचायला देते, ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. (इरावती कर्वे १९२७ नंतर बर्लिनमध्ये कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहीत होत्या. त्या कवट्या तिथवर कोणत्या वाटेने आल्या हे विचारणारी पिढी यायला बराच काळ जावा लागला. आपल्याकडच्या मानवशास्त्राच्या वर्गांत तो प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो.)

सगळेच कागद असे जड मनाने वाचावे लागत नाहीत. फ्लॉरिडातल्या की मार्को बेटावर १८९६ मध्ये फ्रँक हॅमिल्टन कुशिंग यांनी चिखलात खोदकाम केले आणि लाकडी मुखवटे, भांडी, कोरीव प्राणी असा खजिना बाहेर आला. शतकानुशतके चिखलाने जपलेले ते लाकूड हवा लागताच आक्रसले, तडकले आणि त्यावरचे रंग उडाले. पण मोहिमेबरोबर वेल्स सॉयर हा चित्रकार होता, आणि वस्तू बाहेर येताच त्याने त्यांची छायाचित्रे घेतली व जलरंगांत चित्रे काढली. ती चित्रे या अभिलेखागारात आहेत. आज वाळून सुरकुतलेला मुखवटा पाहायचा तर संग्रहालयात जावे. तो सापडला त्या दिवशी कसा होता हे पाहायचे तर कागदाकडे यावे. मूळ वस्तूपेक्षा तिची नोंद अधिक खरी ठरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. मैदानी प्रदेशातल्या कायोवा, शायान इत्यादी लोकांनी हिशेबाच्या वह्यांच्या आखलेल्या पानांवर काढलेली घोड्यांची आणि लढायांची रंगीत चित्रेही इथेच आहेत. जमाखर्चाच्या ओळी ओलांडून धावणारे ते घोडे पाहण्यासाठी तरी, काहीही काम नसताना, एकदा खोके मागवावे.

जॉन पीबडी हॅरिंग्टन यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे. १९१५ ते १९५४ अशी जवळजवळ चाळीस वर्षे ते ब्यूरोच्या नोकरीत होते, आणि त्या काळात त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या मरणपंथाला लागलेल्या भाषांची टिपणे झपाटल्यासारखी घेतली. ती टिपणे सुमारे दहा लाख पानांची आहेत असे सांगितले जाते. आपण कुठे आहोत हे ते सहकाऱ्यांनाही सांगत नसत. लिहिलेले छापायला देणे तर दूरच. १९६१ मध्ये ते वारल्यानंतर त्यांच्या कागदांच्या पेट्या ठिकठिकाणी साठवलेल्या आढळल्या. पान हातात घेतले की इंग्रजी, स्पॅनिश आणि मूळ भाषा यांची एकाच ओळीत सरमिसळ, स्वतःच बदलत नेलेली ध्वनिचिन्हे आणि मधेच कोणाच्या तरी बैलगाडीची हकिकत. पहिल्या तासात वाचक वैतागतो. आणि तरीही कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन भाषेची अखेरची अस्खलित जाणकार असेन्सियन सोलॉर्सानो १९३० च्या जानेवारीत वारण्यापूर्वी, तिच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून या माणसाने जे लिहून घेतले, त्याच्याच आधारावर आज तिच्या लोकांनी ती भाषा पुन्हा बोलायला घेतली आहे. ज्यांच्या भाषेचा एकही वक्ता उरलेला नाही असे लोक वॉशिंग्टनमध्ये २०११ पासून भरलेल्या ‘ब्रेथ ऑफ लाइफ’ शिबिरांत भाषातज्ज्ञांसोबत बसून हेच कागद वाचायला शिकले. संशोधक कागदातून लेख काढतो. ही माणसे त्याच कागदातून आजीला हाक कशी मारायची ते काढतात. सेवेचा दर्जा ठरवताना मी या दुसऱ्या वाचकाला जास्त गुण देतो.

ज्यांना सूटलंड गाठणे शक्य नाही, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांसाठी, ऑनलाइन दालन आहे. शोधसूच्या ‘सोव्हा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामायिक व्यवस्थेत खुल्या आहेत. मालिका, खोके, फोल्डर अशी उतरंड त्यात दिसते आणि जिथे पाने चित्ररूपात चढवली आहेत तिथे ती घरबसल्या वाचता येतात. हॅरिंग्टन यांची सूक्ष्मपटावरची टिपणे अशी उपलब्ध आहेत. हस्ताक्षर उलगडण्यासाठी २०१३ पासून ‘ट्रान्सक्रिप्शन सेंटर’ चालते. जगातला कोणीही स्वयंसेवक तिथे पान उघडून मजकूर टंकित करू शकतो आणि दुसरा स्वयंसेवक तो तपासतो. पुण्यातल्या पावसाळी दुपारी मी अशी काही पाने केली आहेत आणि ज्यांना मोडी वाचण्याची खाज आहे त्यांनाही या कामाची चटक लागेल असे मला वाटते : एखादे अक्षर तीन पाने अडून बसते, आणि चौथ्या पानावर तोच शब्द स्वच्छ लिहिलेला सापडतो.

ऑनलाइन दालनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. विभागाच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग अजून खोक्यांतच आहे. शोधसूचीत फोल्डरचे नाव दिसते, पान दिसत नाही. वस्तूंची माहिती वेगळ्या संकेतस्थळावर आणि कागदांची वेगळ्या, त्यामुळे टोपलीच्या नोंदीवरून टोपलीच्या पत्रापर्यंत थेट उडी मारता येत नाही. आकडे वहीत उतरवून घेऊन पायवाटेनेच जावे लागते. जुन्या नोंदींतले शब्द, जमातींची परक्यांनी ठेवलेली नावे आणि आज उच्चारू नयेत अशी विशेषणे अनेक ठिकाणी तशीच आहेत. ती पुसावीत असे मी म्हणणार नाही, कारण पुसलेला शब्द म्हणजे हरवलेला पुरावा. पण शेजारी लोकांचे स्वतःचे नाव असायला हवे, आणि ते सर्वत्र नाही. शोध घेणाऱ्याला म्हणून दोन कोश जवळ बाळगावे लागतात, एक आजच्या नावांचा आणि एक १८९० च्या अज्ञानाचा. आणखी एक गोष्ट : आदिवासी संगीताच्या अभ्यासक फ्रान्सिस डेन्समोर यांनी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलेल्या गाण्यांचा शोध घेत कोणी इथे येणार असेल, तर ती ध्वनिमुद्रणे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. मानवशास्त्रीय चित्रफितींसाठी मात्र याच अभिलेखागाराशी जोडलेला स्वतंत्र संग्रह आहे, आणि त्याची मुळे १९७५ मध्ये निघालेल्या चित्रपट केंद्रात आहेत.

काही कागद मागूनही मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी त्यांची प्रत घेता येत नाही. पवित्र विधींची टिपणे, केवळ विशिष्ट घराण्यांनी किंवा विशिष्ट ऋतूंतच सांगायच्या कथा, दफनांची छायाचित्रे अशा सामग्रीबाबत संबंधित समुदायाचा शब्द विचारात घ्यावा, असे धोरण अमेरिकेतल्या अभिलेखागारांत रुजते आहे. त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २००६ मध्ये तयार झाली आणि अमेरिकन अभिलेखपालांच्या संघटनेने त्यांना मान्यता दिली ती २०१८ मध्ये. सगळे सगळ्यांना खुले असावे या तत्त्वावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे आरंभी खटकते. पण घरातल्या देवघरापर्यंत कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा हक्क आपण पाहुण्याला देत नाही, आणि इथे तर पाहुणा देवघरातले टाक उचलून, त्यांवर क्रमांक घालून निघून गेला होता. तेव्हा काही खोक्यांवर झाकण राहिले याबद्दल मी गुण कापत नाही. झाकण का आहे हे शोधसूचीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा ठेवतो.

तुलना करू नये असे ठरवूनही एक आठवण सांगतो. आपल्याकडच्या एका संग्रहालयात, नाव घेत नाही, मी आदिवासी दागिन्यांची आवक नोंदवही पाहायला मागितली होती. अर्ज तीन टेबले फिरला, आणि शेवटच्या टेबलावरून उत्तर आले की ‘साहेब, ती वही ऑडिटसाठी असते, अभ्यासासाठी नसते’. बोलणारे गृहस्थ उद्धट नव्हते. त्यांनी चहाही दिला. वहीचा दुसरा काही उपयोग असू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चांदीच्या त्या वाक्या कोणत्या पाड्यावरून, कोणत्या दुष्काळात, काय भावाने घेतल्या गेल्या हे त्या वहीत असेल किंवा नसेलही. मला अजून माहीत नाही.

सूटलंडला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आवक आणि सूची क्रमांक घरून काढून न्यावेत आणि ३०५ क्रमांकाच्या दफ्तरासाठी वॉशिंग्टनची वेळ आधी घ्यावी, सूटलंडची नंतर. उलट क्रमाने गेलात तर माझ्यासारखे परतून यावे लागेल. नोंदीची भाषा इंग्रजी आहे, हॅरिंग्टन वाचायचे तर कामचलाऊ स्पॅनिशही हवी. पत्रांच्या उलट बाजू पाहायला विसरू नये. पुष्कळदा उत्तराचा कच्चा मसुदा तिथेच पेन्सिलीने लिहिलेला असतो. शारीरिक मानवशास्त्राची खोकी सलग दोन दिवस वाचू नयेत. मधे एखादा दिवस घोड्यांच्या चित्रांचा ठेवावा.

अंदमानच्या टोपल्यांचे काम अपुरे आहे. नोंदवहीतल्या ओळी मिळाल्या, आवक क्रमांक मिळाले, ॲबटच्या पेट्या कोणत्या क्रमाने वॉशिंग्टनला उघडल्या गेल्या याचा अंदाज आला. आता वॉशिंग्टनच्या दफ्तरातल्या त्या आवक फाइली पाहायच्या आहेत, आणि अभिलेखपालांनी सुचवलेल्या त्या शेजारच्या खोक्यातले चौथे फोल्डर, जे त्या दिवशी चार वाजल्यामुळे उघडायचे राहून गेले.